हौद्यावरची खोली

तीन वर्षांपूर्वी धारवाडला माझ्या भाच्याचं लग्न होतं आणि आम्ही साखरप्यावरून परत फिरलो.

रत्नागिरी ते साखरपा ही दीड तासाची वाट. तेवढ्यात मला तीनदा थांबावं लागलं. पहिल्यांदा पेट्रोल पंपावर, दुसऱ्यांदा पालीच्या एका हॉटेलात. तिसऱ्या वेळी आसपास काहीच नव्हतं, म्हणून रस्त्याकडेच्या एका घरात शिरले आणि अंगणात भात वाळत घालणाऱ्या बाईला विचारलं. तिने लगेच मागच्या दारी नेलं, पाण्याची बादली भरून दिली. निघताना तिने साधंच विचारलं, "कुठल्या तुम्ही?" मी नुसते हात जोडले आणि बाहेर आले. अंगावर लग्नाची रेशमी साडी आणि डोळ्यांत पाणी. गाडीत बसले आणि यांना म्हटलं, "परत चला." यांनी पुढे जागा बघून गाडी वळवली.

ताईला फोन करून सांगितलं की यांना ताप भरलाय. दुसऱ्या दिवशी हे बाजारात कुणाला तरी दिसले आणि ती बातमी धारवाडला पोचली. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी माझी ही एकच बहीण. त्यानंतर तिने मला फोन केला नाही. मी केला की चार वाक्यं बोलायची आणि ठेवायची. तिला वाटलं, मी तिचा मान ठेवला नाही.

खरं कारण मी यांच्याशिवाय कुणालाच सांगितलेलं नव्हतं. मला मोठ्या आतड्याचा आजार आहे. आतून व्रण होतात, सूज येते. औषधांनी तो आटोक्यात राहतो, पण एक गोष्ट काही जात नाही: घाई. लागली की मिनिटभरसुद्धा थांबता येत नाही. मी शाळेत चोवीस वर्षं गणित शिकवलं. शेवटच्या वर्षी एकदा नववीच्या वर्गात उदाहरण अर्धं सोडून खडू हातात घेऊन धावले होते. परत आले तेव्हा वर्ग अगदी शांत होता आणि मला ती शांतता सहन झाली नाही. वर्ष संपलं तशी मुदतीआधीच निवृत्ती घेतली.

मग गावातच माझी एक वाट ठरून गेली. जिथे संडास आहे आणि जिथे ओळख आहे, तिथेच जायचं. मिरकरवाड्याला मासळी आणायला मी जायची बंद झाले, कारण तिथे उभं राहायला जागा मिळायची नाही तर बाकीचं काय सांगायचं. हे एकटे जाऊन आणू लागले. यांना मासळीतलं काही कळत नाही. तीन वर्षं आम्ही नरम पडलेली सुरमई खाल्ली आणि मी कधी काही बोलले नाही.

यांची आंब्याची बाग आहे. बागेसाठी एक पिकअप घेतलेली; पुढे पाच माणसांची केबिन, मागे उघडा हौदा. हंगामात त्यात आंब्याचे क्रेट भरायचे आणि बाकीचं वर्ष ती बहुतेक उभीच असायची. यांना भटकायची फार हौस. लग्न झाल्यापासून म्हणायचे, बागेतून मोकळे झालो की याच गाडीने बदामीला जाऊ, पुढे हंपीला, जमलं तर कच्छपर्यंत. माझं दुखणं सुरू झालं तसं ते बोलणंही थांबलं. मी म्हणायचे, "तुम्ही जाऊन या मित्रांबरोबर." हे म्हणायचे, "बघू."

मग एक दिवस जेवून उठल्यावर यांनी फोन माझ्यापुढे धरला. परदेशातली कुठलीशी पिकअप, तिच्या हौद्यावर एक बुटकी पेटी बसवलेली. एका माणसाने आत शिरून हाताने छत वर ढकललं, तशी चारी बाजूंनी कापडी भिंत उभी राहिली आणि त्या पेटीची खोली झाली. आत पलंग, शेगडी, कपाट.

"आपल्याकडे पण बनवतात गो हल्ली," हे म्हणाले. "आणि यात संडास बसतो. मी विचारलंय."

यांनी ते कुणाला आणि कधी विचारलं, मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "गाडीत संडास? लोक काय म्हणतील?"

"लोकांना सांगायचं कशाला, ते कपाट आहे म्हणून सांगायचं."

मला हसू आलं. होकार मात्र मी पुढचे आठ दिवस दिला नाही.

पहिल्यांदा आम्हाला पसंत पडली ती खोली उघडझाप करणारी नव्हतीच. पुण्याहून एक गृहस्थ आपली गाडी घेऊन गणपतीपुळ्याला आले होते. यांनी फोनाफोनी करून त्यांना घरी चहाला बोलावलं. त्यांच्या हौद्यावर पक्क्या भिंतींची उंच खोली होती. आत सरळ उभं राहता येई. कोपऱ्यात छोटी न्हाणी, त्यातच संडास. मी दार उघडून आत बघितलं आणि मला वाटलं, झालं, हीच. माझ्या उभं राहण्या-बसण्याचे सगळे प्रश्न सुटले.

पण ते गृहस्थ प्रामाणिक होते. "काकू, तुमच्या गाडीला ही पेलायची नाही," ते म्हणाले. "पाण्याची टाकी भरली की हिचं वजन फार होतं. माझी गाडी मोठी आहे. आणि घाटात ही डुलते. मागच्या खेपेला वारा होता तेव्हा मिसेस डोळे मिटून बसल्या होत्या."

शिवाय ती खोली आमच्या फाटकातून आत आलीच नाही. फणसाची फांदी आडवी आली. यांनी फांदीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "फांदी तोडता येईल," हे म्हणाले. पण गाडीचा प्रश्न फांदी तोडून सुटणार नव्हता, हे आम्हा दोघांना कळत होतं.

मग कोल्हापूरला एक कारागीर आहेत असं समजलं. औद्योगिक वसाहतीत त्यांचं वर्कशॉप. आधी ट्रकच्या बॉड्या बांधायचे, आता अशा खोल्याही बांधतात. यांनी एकट्यानेच जाऊन फोटो आणायचं ठरवलं. मी म्हटलं, "बसायचं मला आहे. फोटोवरून काय कळणार?"

त्या प्रवासाला मी आदल्या दिवशी दुपारपासून जेवले नाही. पहाटे निघालो. पोटात काही नव्हतं म्हणून पोचले. यापुढे कुठे जायचं तर असं उपाशी राहूनच जायचं का, हा विचार वाटभर करत होते.

कारागीर पन्नाशीचे, अंगाने आडवे, हातात सतत मोजपट्टी. वर्कशॉपमध्ये दोन नमुने तयार होते. पहिल्याचं छत एकाच बाजूने उचललं जायचं, पुस्तकाचं पान उघडावं तसं. दिसायला ते फार देखणं. आत कॅनव्हास फिकट पिवळा, पलंग ऐसपैस. त्यांनी पलंगाखालचा खण ओढून दाखवला, त्यात पेटीसारखा सुटा संडास. यांचा चेहरा खुलला. "हेच घेऊ," म्हणाले.

मी विचारलं, "छत बंद असताना तो बाहेर काढता येतो?"

कारागीर थांबले. "बंद असताना कशाला पाहिजे वहिनी? मुक्कामाला गेलं की छत उघडायचंच की."

"मला मुक्कामाला नकोय. वाटेत पाहिजे. रस्त्याकडेला गाडी थांबली की लगेच."

"मग दोन मिनिटांत छत उघडतंय बघा."

"दोन मिनिटं नसतात माझ्याकडे," मी म्हटलं.

वर्कशॉपमध्ये तीन-चार पुरुष काम करत होते. एकाने वेल्डिंग थांबवलं होतं. माझे कान तापले, पण मी बोलले ते बोलले. कारागिरांनी हातातली मोजपट्टी गुंडाळली आणि सगळ्यांना म्हणाले, "चहा घेऊन या रे जावा." ते गेल्यावर मला म्हणाले, "वहिनी, आता नीट सांगा. काय लागतंय तुम्हाला?"

मी सगळं सांगितलं. डॉक्टरांनंतर आणि यांच्यानंतर मी ते पहिल्यांदा एका परक्या माणसाला सांगत होते. ते फक्त मान हलवत ऐकत होते. मग म्हणाले, "हे तुम्ही आधी सांगितलं ते बरं केलं. लोक पलंग बघतात आणि घेऊन जातात."

त्यांनी दुसरा नमुना दाखवला. हा साधा, थोडा बोजड दिसणारा. याचं छत चारी बाजूंनी सारखं सरळ वर जायचं. मागे दार. दारातून आत शिरलं की उजव्या हाताला कपाट. "हे कपाट काढतो," ते म्हणाले. "इथंच तुमची पेटी. दाराच्या अगदी जवळ. पलंग पुढं, केबिनच्या वर. छत खाली आलं तरी इथं काहीच येत नाही."

"पण उंची?"

त्यांनी कपाटाचे स्क्रू काढून ते बाहेर ठेवलं, एक बादली आणून त्या जागी पालथी घातली आणि छत खाली ओढून बंद केलं. "बसून बघा."

मी आत शिरले. वाकूनच शिरावं लागलं. बादलीवर बसले तर डोकं छताला टेकलं. तसं सांगितल्यावर त्यांनी बादली काढून एक बुटका लाकडी ठोकळा ठेवला. "खालची फळी तेवढी उतरवतो, मग एवढंच होईल." मी परत बसले. डोक्यावर चार बोटं जागा उरली.

"अहो, दार लावा," मी यांना म्हटलं.

दार लागलं. आत अंधार आणि ताज्या प्लायवूडचा वास. बाहेर हे आणि कारागीर काहीतरी बोलत होते. मी तिथे मिनिटभर तशीच बसले, हात गुडघ्यांवर ठेवून. गुडघे दाराला लागत नव्हते. मला वाटलं, आता आपण कुठेही जाऊ शकू. ते इतकं अचानक वाटलं की बाहेर यायच्या आधी पदराने तोंड पुसावं लागलं.

बाकी ठरवायला मग वेळ लागला नाही. यांनी आधीच चौकशी करून ठेवली होती, त्यामुळे आरटीओच्या कागदपत्रांचा घोळ झाला नाही. हौदा आहे तसाच ठेवायचा, खोली चार कोपऱ्यांत आवळून बसवायची, हंगाम आला की उतरवून ठेवायची. चालत्या गाडीत मागे कुणी बसायचं नाही. मी दोन गोष्टी मागितल्या. एक, छत मला एकटीला उचलता आलं पाहिजे. कारागिरांनी चारी कोपऱ्यांना गाडीच्या डिकीला असतात तसे गॅसचे दांडे बसवले. खालून हाताने नेट दिला की छत आपणहून वर जातं. दुसरी, कॅनव्हास चेन उघडून काढता आला पाहिजे. आमच्या हवेत कापडाला बुरा चढायला किती वेळ लागतो, हे कोल्हापूरच्या माणसाला सांगून कळत नाही. त्यांनी ते मुकाट्याने लिहून घेतलं.

दिवाळीआधी खोली घरी आली. फणसाच्या फांदीखालून हातभर जागा ठेवून आत शिरली. आणि मग आमचा सराव सुरू झाला. गाडी अंगणात उभी. मी पुढच्या सीटवर, हे घड्याळ घेऊन बाहेर. "चल," म्हणाले की मी दार उघडून उतरायचं, गाडीला वळसा घालायचा, पायरी चढायची, कुलूप उघडायचं, आत. पहिल्यांदा सव्वा मिनिट लागलं, कारण किल्ली पर्समध्ये होती. मग कुलूपच बदललं आणि आकड्यांचं लावलं. पायरी थोडी खाली घेतली. शेवटी पंचवीस सेकंदांवर आले. शेजारच्या वहिनी दगडी गडग्यापलीकडून बघत होत्या. "कसली शर्यत चाललीय?" म्हणाल्या. हे म्हणाले, "व्यायाम."

आधी गुहागरला एक मुक्काम करून बघितला. जयगडहून फेरीबोटीत गाडी घातली, पलीकडे उतरलो, समुद्राजवळ ओळखीच्यांच्या पोफळीच्या वाडीत गाडी लावली. माझी तब्येत त्या दिवशी इतकी चांगली होती की त्या कोपऱ्याची गरज वाटेत एकदाही लागली नाही. डॉक्टर म्हणाले होते की भीतीनेही घाई वाढते. जागा आहे एवढं माहीत असणं पुरेसं होतं की काय, कोण जाणे. सकाळी उठलो तर कॅनव्हास आतून दवाने ओला झाला होता आणि यांच्या कपाळावर थेंब पडत होते. हे तसेच पडून हसत होते.

आणि मग भात घरात आल्यावर, मोहोराची फवारणी सुरू व्हायच्या आधी, आम्ही धारवाडला निघालो. मी पोहे खाऊन निघाले.

आंबा घाटात वळणावर एक ट्रक अडकला होता. दोन्ही बाजूंना रांगा लागल्या. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, पुढे-मागे गाड्या. अर्धा तास गेला. मग माझ्या पोटात ती ओळखीची कळ आली. मी यांच्याकडे बघितलं. यांनी नुसतं इंजिन बंद केलं.

मी उतरले, वळसा घातला, पायरी चढले, आकडे फिरवले, आत गेले. सेकंद मोजले नाहीत. बाहेर हॉर्न वाजत होते, कुणीतरी ट्रकवाल्याला शिव्या देत होतं आणि मी माझ्या दाराआड सुखरूप होते. हात धुऊन बाहेर आले.

मागच्या गाडीतून एक चाळिशीची बाई उतरून माझ्याकडे बघत होती. जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "ताई, आत बाथरूम आहे काय? सासूबाईंना फार वेळ झालाय. साखरेचा त्रास आहे त्यांना."

इतकी वर्षं जे लपवलं, तेच ती सगळ्यांसमोर विचारत होती. मग म्हटलं, "आणा त्यांना."

आजींना पायरी चढवेना. यांनी क्रेट पालथा घालून मध्ये ठेवला आणि हे स्वतः ट्रकचं काय झालं ते बघायला म्हणून पुढे निघून गेले. मी आत शिरून दोन्ही हातांनी छत वर ढकललं. ते सरसर वर गेलं, उजेड आला आणि आजी ताठ उभ्या राहिल्या. "अगं बाई, घरच आहे की," म्हणाल्या.

त्यानंतर पुढच्या एसटीतल्या दोघी आल्या. मग एक गरोदर मुलगी आली. मी दाराशी उभी राहून पाण्याचा मग देत होते. आजींची सून माझ्याजवळ थांबली होती. "तुम्हाला कसं सुचलं हे?" तिने विचारलं.

"मला आतड्याचा आजार आहे," मी म्हटलं. "लागली की थांबता येत नाही. म्हणून करून घेतलं."

"माझ्या भावाला तेच आहे," ती म्हणाली. "तो घराबाहेर पडत नाही. फोटो काढू का याचा?"

"काढा," मी म्हटलं. "आणि त्यांना सांगा, पेटी दाराजवळ हवी. छत बंद असताना बसता आलं पाहिजे."

तासाभराने रस्ता मोकळा झाला. पुढे मलकापूरच्या अलीकडे पेट्रोल पंपावर थांबून यांनी पेटी काढून नेली, तिथल्या संडासात रिकामी केली, धुऊन परत बसवली. हे काम यांनी पहिल्या दिवसापासून स्वतःकडे घेतलंय. मी एकदा म्हटलं होतं, "मी करते." तर म्हणाले, "तू मासे साफ करतेस ते मला जमतं का?"

धारवाडला पोचलो तेव्हा ऊन कलायला आलं होतं. ताई दारात उभी होती. थकलेली दिसली. आम्ही येतोय हे फोनवर कळवलं होतं, तरी तिने "या" एवढंच म्हटलं. चहा झाला. भाचा आणि सूनबाई कामावर गेलेली. हे वर्तमानपत्र घेऊन ओसरीवर बसले. ताई आणि मी समोरासमोर बसलो होतो.

"ती गाडीवर कसली पेटी आहे?" तिने शेवटी विचारलं.

"चल, दाखवते."

मी तिला आत नेलं, छत उचललं, पलंग दाखवला, शेगडी दाखवली. मग दाराजवळचं झाकण उघडलं. ती बघत राहिली. मी तिला साखरप्याची गोष्ट सांगितली. तीन वेळा थांबले ते, भात वाळत घालणारी बाई, रेशमी साडी, यांना ताप आला म्हणून खोटं बोलले ते, सगळं.

ताई पलंगाच्या कडेवर बसली.

"मी तीन वर्षं तुझ्यावर रागावलेय," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"आहेराची साडी तुझ्यासाठी घेतलेली, ती कपाटात तशीच ठेवलीय. दुसऱ्या कुणाला द्यायची नाही आणि तुलाही द्यायची नाही, असं ठरवलं होतं." ती माझ्याकडे वळली. "मला का नाही सांगितलंस? लहानपणी तुला उलट्या व्हायच्या तेव्हा एसटीत पिशवी कोण धरायचं?"

"तू धरायचीस."

"मग?"

लाज वाटली, एवढंच होतं, आणि ते तिच्यासमोर म्हणायला फारच लहान वाटत होतं. तिने माझा हात ओढून मला शेजारी बसवलं. कापडी भिंतीतून गल्लीतल्या मुलांचे आवाज येत होते. आम्ही दोघी थोडा वेळ रडलो आणि मग तिने मला औषधं कोणती, किती वेळा, तिखट चालतं का, हे विचारायला सुरुवात केली. अगदी डॉक्टरांसारखं, एकेक करून.

रात्रीच्या जेवणात तिने माझ्यासाठी मऊ भात आणि बिनतिखटाचं वरण केलं. बाकीच्यांना ज्वारीची भाकरी आणि झणझणीत भाजी. भाच्याने विचारलं, "मावशी आजारी आहे का?" ताई म्हणाली, "हो, पोटाचं आहे. आता बरी आहे." एवढ्या सोप्या शब्दांत ते सांगून झालं आणि भाच्याने ताकाची वाटी माझ्याकडे सरकवली.

दुसऱ्या दिवशी आम्ही बदामीला निघणार होतो. सकाळी मी कॅनव्हास सुकवून छत खाली ओढत होते, तेवढ्यात ताई बाहेर आली. तिच्या हातात एक छोटी बॅग होती आणि पायांत बूट.

"पुढे केबिनमध्ये जागा आहे ना?" तिने विचारलं.

"पाच जणांची आहे."

"आणि झोपायला?"

"पलंग दोघांचा आहे."

ताईने यांच्याकडे बघितलं. हे गाडीची काच पुसत होते. "मी केबिनमध्ये झोपतो," हे म्हणाले. "मला सवय आहे, बागेत राखणीला झोपतोच की."

ताईने बॅग मागच्या सीटवर ठेवली आणि खिडकीजवळ बसली. धारवाडच्या बाहेर पडेपर्यंत ती सूनबाईला फोनवर गॅस, दूध आणि कुंड्यांच्या पाण्याच्या सूचना देत होती. मग फोन ठेवला, मागून माझ्या खांद्याला हात लावला आणि म्हणाली, "तुला लागलं की सांग. मला लागलं की मी सांगेन."